आमची हंगेरियन आत्या

माणसाच्या तोंडात दोन्ही हात घालून दाताऐवजी त्याच्या नावाची मुळं उपटणारा दंतवैद्य अख्ख्या आखातात एकच होता, आणि तो नेमका कुवेतमधल्या फिंतासला आमच्या शेजारी राहायचा. मूळचा हंगेरियन, अंगानं ताडमाड. छप्पन साली तिकडे रशियन रणगाडे घुसले, त्या धामधुमीत देश सोडून निघालेला, तो इथेतिथे दात काढत इथे येऊन टेकला. मराठी त्याला शिकवली त्याच्या कंपाउंडरनं. कंपाउंडर दाभोळचे मियाँ. त्यामुळे हा गोरापान माणूस तोंड उघडलं की बोटीवरच्या खलाशासारखा बोलायचा.

पेशंट खुर्चीत बसला की दुखणं राहिलं बाजूला, आधी नाव. कंपाउंडरचा मेहुणा सुलतान बिचारा गाल सुजवून आला होता. "सुलतान? हा तं आमचा झोल्तान! तुर्कांकडना आमच्याकडं आला!" म्हणून डॉक्टरनं त्याला नावाचा सगळा प्रवास ऐकवला. जबड्यात चिमटा असल्यामुळे मेहुण्याला एवढंही म्हणता येईना की नाव माझ्या आजोबांचं आहे. सिकंदर नावाच्या पेशंटला त्यानं शांदोर करून सोडलं. तो घरी गेला तेव्हा बायकोनं विचारलं, "दात काढलान?" तर म्हणाला, "दात हाय तिथंच हाय, नाव बदलून आलो."

त्यांच्या पंचांगात म्हणे रोजच्या तारखेला कुणाचं तरी नाव असतं आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला फुलं न्यायची असतात. फिंतासमध्ये ना त्या नावांची माणसं, ना फुलं. मग हा दवाखान्यातले पेशंट खोळंबून ठेवून खजुराची पुडी घेऊन आमच्या दारात. "वैनी, आज इलोनाचा दिवस!" इलोना कोण ते आम्ही विचारत नसू. खजूर चांगला असायचा.

मला दिवस गेले आणि त्याला ऊत आला. रोज संध्याकाळी एक नाव.

"मुलगा झाला तं आर्पाद ठेवा."

"अर्थ काय?"

"जव. बार्ली."

"सातूचं पीठ करायचंय का पोराचं?"

"तुमच्यात धोंडू हाय, दगडू हाय. जव खाता तरी येतो!"

आमचे हे इतके हसले, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मुलगी झाली. नाव ठरवलं उषा. डॉक्टर म्हणाला, "हॉयनाल! पहाट! तुम्ही आमचाच चोरलात!" आता अडचण एकच होती, आत्याची. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि माझी नणंद सांगलीला. मी सहज म्हटलं, "डॉक्टर, तुम्हीच आत्या व्हा."

मला वाटलं, हा आता घर डोक्यावर घेईल. तो पायरीवर मटकन बसला.

"वैनी, मी निघालो तवा माझी पोरगी बायकोच्या पोटात होती. पोरगी झाली एवढाच कळला. आता पाच वर्षांची आसंल. नाव काय ठेवला, ठाऊक नाय. पत्र धाडतो, उत्तर येत नाय. मी दुसऱ्याच्या पोरीला कसा नाव सांगू?"

जगातल्या नावांची उठाठेव करणाऱ्या या माणसाला हवं होतं ते एकच नाव माहीत नव्हतं. मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी रागावते. म्हटलं, "म्हणूनच तुम्ही व्हायचं. बाराव्या दिवशी या. आणि अंघोळ करून या."

आला. कोट घालून, केसांना तेल चोपडून. मुलुखावेगळी आत्या पाहायला आजूबाजूच्या साऱ्या कोकणी बायका जमल्या होत्या. कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि आम्ही तुमच्या पाठीत धपाटे घालायचे, एवढं त्याला समजावलं. तो साडीच्या झोळीवर वाकला. "कुर्रर्र... उषा." धपाटा बसला. कंपाउंडरच्या बायकोचा हात तर भलताच जड.

आम्हाला वाटलं, झालं. पण हा वाकलेलाच. "हॉयनाल." बायका खिदळल्या, पुन्हा धपाटा. "इलोना." धपाटा. "पिरोश्का. इबोया." अर्थ नाही, उगम नाही, नुसती नावं, मुलींची, एकामागून एक, अगदी हळू. आठवतील तेवढी सगळी तो सांगत होता. मला कळलं तसं बाकीच्यांनाही कळलं असावं, कारण हसू थांबलं. कंपाउंडरच्या बायकोनं उगारलेला हात मारला नाही, नुसता त्याच्या पाठीवर ठेवला. "सांगू दे त्यांना," ती म्हणाली. तो सांगत राहिला आणि आमची लेक डोळे टक्क उघडून ऐकत राहिली.

पुढे तो कॅनडाला गेला आणि आमचा त्याचा संबंध तुटला. बारशाला माझ्या उषाला नावांची रास मिळाली, त्यातलं तिनं एक घेतलं. उरलेल्यांतलं एखादं तरी त्या दुसऱ्या मुलीचं असावं, असं मला अजून वाटतं.