किसनचं पातळ दूध

भरदुपारी किसनच्या पोरीचा फोन आला. "काका, दादा गेले," एवढंच म्हणाली. बापाला ती दादा म्हणते. मी "बरं" म्हणालो... माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण माझ्या तोंडातून तेच निघालं. त्याला आता महिना होत आलाय.

नांदूरघाटाजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत आम्ही एकाच बसकरावर बसलो. तो बौद्धवाड्यातला, मी गावातला. तो मला नाम्या म्हणायचा. पुढं मी दूध संस्थेचा सेक्रेटरी झालो आणि त्यानं एक विलायती होस्टेन गाय आणली. त्याच्या वस्तीतून संस्थेत दूध घालणारा तो पहिलाच. काहींनी नाकं मुरडली, तर मीच म्हणालो, दूध काय जात सांगतं का? लई शहाणा होतो मी तेव्हा.

मग दुष्काळ आला. टँकर चार दिवसांनी यायचा आणि बायका कळशा रांगेत ठेवून सावलीला बसायच्या. त्या चैत्रात किसनच्या दुधाला फॅट लागेना, डिग्री लागेना, मापात दूध पातळच दिसायचं. दोन दिवस मी ते तसंच घेतलं. तिसऱ्या दिवशी सगळी लाईन उभी असताना किटली परत त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "किसन, पानी जरा कमी घालत जा." माणसं हसली. त्यानं झाकण लावलं, आणि सावकाश म्हणाला, "घालायला पानी हाय कुठं, सेक्रेटरी?"

गेला तो गेलाच. पुन्हा संस्थेची पायरी चढला नाही, सायकलवर नांदूरघाटच्या हॉटेलात दूध नेऊ लागला. दुसऱ्या कुणाला मी असं लाईनीत बोललो असतो का? नसतो बोललो. वजनकाट्यामागं बोलावून हळूच सांगितलं असतं. हे मला तेव्हाच कळत होतं, तोच माझा नालायकपणा.

पंधरा दिवसांनी गावात जनावरांचे डॉक्टर आले. बोलता बोलता म्हणाले, असल्या विलायती गाईंना आपला उन्हाळा सोसत नाही, धापा टाकतात, चारा सोडतात, दूध आटतं आणि उरतं तेही पातळ पडतं. तसाच उन्हात किसनकडं गेलो. पत्र्यावर पाचट टाकलेलं, खाली गाय जीभ काढून उभी, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. बसतच नव्हती बिचारी. तिच्या पाठीवर ओलं गोणपाट होतं आणि किसन त्यावर तांब्यानं पाणी सोडत होता. ते त्याच्या आंघोळीचं पाणी. आठवडाभर आंघोळ केली नव्हती म्हणाला, अंगाला वास मारतोय, लांबच बस.

मी म्हणालो, चुकलं माझं. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"हितं गाईपुढं सांगून काय उपेग? लाईनीत बोललास, लाईनीतच सांग."

उद्या सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी लाईन समोर होती, चेअरमनचा भाऊ पुढंच उभा होता, आणि मी नुसती त्याची किटली काट्यावर घेतली. सेक्रेटरीच चुकला म्हटल्यावर उद्या कोण ऐकेल, असं मनाला समजावलं. परवा सांगू, पाऊस पडल्यावर सांगू... पुढं संस्थाच बंद पडली. लाईनच राहिली नाही. रस्त्यात भेटायचो, चहा प्यायचो, पोरांचं विचारायचो. तो विषय त्यानं कधी काढला नाही. पण मरेपर्यंत मला सेक्रेटरीच म्हणाला. माझी बायको गेली, पोरं पुण्याला. मला नाम्या म्हणणारं आता कुणी नाही, आणि हे एकटेपण माझं मीच ओढवून घेतलंय.

विहारात किसनच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी गेलो. दोघंतिघं बोलून झाल्यावर उभा राहिलो. सगळं सांगितलं: तो उन्हाळा, ती किटली, माझे शब्द. त्या लाईनीतली पाचसहा माणसं समोर होती. ती एकमेकांकडं बघायला लागली. कुणालाच काही आठवत नव्हतं. मी खाली बसलो, तर शेजारच्या म्हाताऱ्यानं मायेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या सेक्रेटरी. गेलेल्या माणसाचं काय काढता? दुधात पानी कोण घालत न्हाई?"

मी पुन्हा उठलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.