छायाच्या खाटेचा आकडा

रसायनीच्या कारखान्यात जगदीशचा जन्म गेला तो मापकयंत्रं दुरुस्त करण्यात. चुकीच्या आकड्याशी त्याचं हाडवैर. टाकीचं तापमान जरासं खोटं दिसलं तरी गडी जेवायचा नाही. बायको, छाया, म्हणायची, "घरातलं मीठ संपलेलं दिसत नाय, कारखान्यातला काटा बरा दिसतो."

तीच छाया पुढे अंथरुणाला खिळली. मुलगा किरण नोकरीला बंगळूरला. त्याने दहिवलीच्या घरात एक डबी बसवली आणि पाण्याची टाकी, बाबांची खाट, आईची खाट अशा साऱ्यांना बसवलेल्या मापकांच्या तारा तिच्यात आणून सोडल्या. खाटेवर वजन आलं की बापलेक दोघांच्याही मोबाइलवर आकडा दिसे. छाया गेली, डबी राहिली. एकट्या म्हाताऱ्यावर लक्ष नको? आईच्या खाटेचा आकडा तेवढा शून्यावर बसून राहिला.

यंदा शेजारच्या मोतीबाईच्या सुनेला बाळंतपणाला खाट हवी होती. जगदीशने छायाची खाट देऊन टाकली आणि तिची तार डबीतून उपसली. दुसऱ्याच दिवशी किरणचा फोन.

"बाबा, आईच्या खाटेवर कोण झोपलं होतं?"

"खाट हाय कुठं घरात?"

"मग आकडा कसा येतो? तुमी आडवे झालात की तिथंपण वजन दिसतं. तुमी उठलात की जातं."

किरण सांगेल ते जगदीशने केलं. वीज तपासली, जोड घट्ट केले. खरं तर डबीचं दुखणं त्याला केव्हाच कळलं होतं. डबीत आकडा काढणारं यंत्र एकच. ते पाळीपाळीने एकेका तारेकडे जातं. आमटीची पळी न धुता पाण्यात बुडवली की पाण्याला आमटीची चव लागते, तसा रिकाम्या जागेवर आधीच्या तारेचा आकडा उरतो. खात्रीसाठी त्याने डबीत आपल्या खाटेच्या तारेच्या जागी टाकीची तार लावली. लगेच छायाच्या नावापुढे टाकीचं पाणी दिसू लागलं. औषध सोपं होतं: रिकामी जागा तारेच्या तुकड्याने ग्राउंडला, म्हणजे डबीच्या शून्याच्या टोकाला, जोडायची, की झालं शून्य. हेच तो कारखान्यात पोरांना दरडावून शिकवायचा.

त्याने आपली तार परत जागेवर लावली. तुकडा कापला, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि दोन्ही तसेच फळीवर ठेवले.

दुपारी तो आडवा झाला. मोबाइलवर त्याचा आकडा आला, आणि खाली छायाचा, थोडा कमी. तिचं वजन कमीच होतं. तो कुशीवर वळला, दोन्ही आकडे हलले. त्याला स्वतःची लाज वाटली. तिथे कोणी नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण शून्य बघायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

चार दिवसांनी किरण म्हणाला, "रविवारी कर्जतहून माणूस पाठवतो. डबीच बदलून टाकू."

"नको," जगदीश घाईने म्हणाला. "दोष सापडलाय. तारेचा तुकडा लावला की बंद होईल."

"मग लावला का नाय?"

जगदीशने फळीवरचा तुकडा हातात घेतला. "आज लावतो," तो कसाबसा म्हणाला.



"राहू द्या, बाबा," किरण म्हणाला. "सकाळी तुमी दोघं उठलात की मगच मी कामाला निघतो."