दंताळं आणि खराटा

सुमनताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, मला शिकवलं. आणि तिच्याच कामावरून अमेरिकेत मला हिणवलं गेलं. चारचौघांत.

"काय रे, इथं येऊनसुद्धा झाडू सुटला नाही का, यार?"

विनयदादा बोलला. माझा मॅनेजर, पुण्याचा. सोबत ऑफिसातली मराठी मंडळी, बायका-मुलांसह. सगळे हसले.

माझ्या हातात झाडू नव्हता. दंताळं होतं.

२००६ चा उन्हाळा. मी ईडन प्रेरी या अमेरिकेतल्या गावी नोकरीला होतो. रविवारी गावाबाहेरच्या स्पीडवे क्लबात जायचो. मातीचा लंबगोल ट्रॅक. मोटरसायकलींना ब्रेक नाहीत, गिअर एकच. वळणावर मागचं चाक घसरतं, माती उडते, चर पडतात. क्लब नवा असताना अशाच एका चरात अध्यक्ष रॉयचं चाक अडकलं. तो अजून लंगडतो. तेव्हापासून नियम झाला: जो गाडी चालवणार, तो दंताळ्यानं ट्रॅक सारखा करणार. पाळीपाळीनं. रॉयसुद्धा. तिथले लोक काही संत नव्हते, माझं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं. पण दंताळं सगळ्यांच्या हातात यायचं.

त्या दिवशी क्लबचा वर्धापनदिन होता. मध्यंतरात माईकवर क्लबचा इतिहास मला सांगायचा होता. आमची कंपनी प्रायोजक, म्हणून विनयदादाला ट्रॅकवर एक फेरी मारायला मिळणार होती.

ताई रस्ते झाडते, हे मीच त्याला सांगितलं होतं. डबा खाताना. अभिमानानं.

तो जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "माईकवर जायच्या आधी कपडे बदल. आणि तोंड पाडू नकोस, गंमत केली. ग्रीन कार्डचे पेपर माझ्याच टेबलावर आहेत तुझे."

मी कपडे बदलले नाहीत. तसाच माईककडे गेलो, चिखलाच्या बुटांनी, दंताळ्यासकट. रॉयच्या पायाची गोष्ट सांगितली. नियम सांगितला. मग इंग्रजीत म्हणालो, "माझे वडील रस्ते झाडायचे. आता बहीण झाडते. आमच्याकडे पाळी बदलत नाही."

कुणी हसलं नाही.

मंचावरून खाली आलो. दंताळं विनयदादापुढे धरलं. "फेरी मारायची ना? मग आता तुमचा नंबर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

त्यानं हात लावला नाही. रॉयनं खांदे उडवले. "नो रेक, नो राइड." दंताळं नाही, तर फेरी नाही. आणि पुढच्या गाड्यांना खूण केली.

सोमवारी विनयदादाच्या केबिनमध्ये बोलावणं. "सॉरी म्हण, विषय संपव."

मी सॉरी म्हटलं नाही. पेपर तिथंच अडकले. त्या आठवड्यात ताईला पत्र लिहिलं.

"ताई,

बहुतेक नोकरी जाईल. का, ते आल्यावर सांगेन. घाबरू नकोस. मी माफी मागितली नाही आणि मागणार नाही.

इथं एक काम पाहिलं. मातीचंच. पण ते पाळीनं सगळ्यांकडे जातं. आपल्याकडे ते आजोबांकडून बाबांकडे आलं. बाबा गेले, तुझं कॉलेज सुटलं आणि खराटा तुझ्या हातात आला.

तू विचारलंस, नगरपालिकेत वारस म्हणून राणीचं नाव लावू का, पोरीला कायमची नोकरी मिळेल. लावू नकोस. लावलं असशील तर जाऊन काढून घे. तुझ्या मुलीचं शिक्षण मी करीन. इथून नाही जमलं तर तिथे येऊन करीन.

खराटा तुझ्यापाशी थांबेल."