मावसाजींचे मुके फोन

वाजणारा फोन उचलला नाही तर माणुसकीला बट्टा लागतो, असं मानणारा माझ्या मावसाजींसारखा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. देवरीच्या त्यांच्या घरी इंटरनेटवर चालणारा फोन आला. नंबर जुनाच राहिला, पण दुपारभर मुके कॉल येऊ लागले. उचलावा तर पलीकडे कोणीच नाही. दुसऱ्यानं फोन आपटला असता. मावसाजी जेवण सोडून उठत, उष्टा हात हवेत धरून धानापाण्याची चौकशी करत आणि वर समजूत घालत, "बोल ना गा, लाजून काऊन रायला?" एकदा तर त्या शांततेला त्यांनी गुडघेदुखीवरचा लेप पंधरा मिनिटं समजावून सांगितला.

मी हसत असे. अंथरुणाला खिळलेली मावशी मात्र प्रत्येक घंटीला उशीवरून मान उचले. "माही सुनी हाये ते. बापाच्या धाकानं बोलत नाही." सुनंदा त्यांची एकुलती एक लेक. तिनं रायपूरला आपल्या पसंतीनं लग्न केलं, आणि परक्या फोनशी एवढं गोड बोलणाऱ्या मावसाजींनी सात वर्षं तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मावशीलाही तिच्याशी न बोलण्याची शपथ घातली होती.

शेवटी त्यांनीच मला बोलावलं. "बंद कर बापा हे. तुही मावशी दचकून रायते, मले पाहवत नाही."

या कॉलमागे माणूस नसतो, कुठली तरी यंत्रं इंटरनेटवरून घराघरांतले फोन चाचपत फिरतात, हे मी दोघांना सांगितलं. मग फोनच्या डब्याची सेटिंग बदलली. आता फोन कंपनीमार्फत येणारे, खऱ्या माणसांचे कॉल तेवढे वाजणार होते.

एकही वाजला नाही. चौथ्या दिवशी मावशीनं विचारलं, "म्हंजे सुनी नोहोतीच का?" आणि ताट सरकवलं.

मावसाजी तिच्या पायाशी बसले. मग माझ्याकडून लेकीचा नंबर मागून घेतला. "सुनी, तुही माय तुही वाट पाहून रायली. ये," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ती त्याच संध्याकाळी आली. तिच्या हातचा मऊ भात खात मावशी नऊ दिवस जगली.

दिवसकार्य आटोपल्यावर सुनंदा बापाला आपल्याकडे घेऊन निघाली. हायवेवर रायपूरची बस दिसली तेव्हा मावसाजींनी माझा हात धरला. "नऊ दिवस भेटले गा तिले. सात सालं मी खाल्ली."

मी त्यांना बसमध्ये चढवून दिलं. बस हलली, तेव्हा त्यांना वारा लागू नये म्हणून सुनंदा खिडकीची काच ओढून घेत होती.