सासूबाईंनी पाहिलेली गावं

कॉलेजात मी फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी. नव्वदच्या सुमारास नाशिकला आम्ही मैत्रिणी तसंच करायचो. संस्कृत नको असेल तर फ्रेंच, पाठांतर केलं की टक्के वाढतात. मी क्रियापदं धडाधड म्हणून दाखवायची, पण फ्रेंच बोलणारं माणूस म्हणून आमच्या सरांशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि सर होते सिन्नरचे. पुढे लग्न होऊन निफाड तालुक्यात द्राक्षांच्या घरात आले आणि ती भाषा विसरून गेले.

तिची आठवण माझ्या नवऱ्याला झाली. विंचूरला वाइन पार्क होणार म्हणून आमच्या भागात तेव्हा बरंच वारं शिरलं होतं. नवऱ्याने एका तुकड्यातली खायची द्राक्षं काढून वाइनची लावली. सल्ला द्यायला एक फ्रेंच गृहस्थ यायचे, त्यांनी ह्याला म्हटलं, एकदा आमच्याकडे काढणीच्या दिवसांत येऊन राहा, हाताने काम करून बघ. हा लगेच तयार झाला. दुभाषी म्हणून मीही जायचं ठरलं. प्रश्न सासूबाईंचा होता. सासरे आदल्या वर्षी गेले होते. त्या दिवसेंदिवस दोन शब्दांच्या वर बोलत नव्हत्या, आणि त्यांना एकटं ठेवून जायला नवरा तयार नव्हता. शेवटी बाजरीचं पीठ, काळा मसाला आणि ठेच्याची बरणी घेऊन त्याही निघाल्या. माझ्याजवळ एवढंच म्हणाल्या, की घरी बसले काय आन् तिथं बसले काय, सारखंच हाय.

फ्रान्समधल्या एका खेड्यात आमची सोय एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी केली होती. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, एकट्या. मी त्यांना मादाम म्हणायची, सासूबाईंनी त्यांचं नाव मोठीबाई पाडलं. दगडी घर, उतारावर द्राक्षांचे मळे, सप्टेंबरची हलकी थंडी. नवरा सकाळीच मळ्यात जायचा तो अंधार पडताना हात चिकट करून यायचा. आम्ही दोघी मोकळ्या. पहिल्या दिवशी मी सासूबाईंना गावातून फिरवून आणलं. गल्ल्या झाडून काढल्यासारख्या स्वच्छ, खिडक्यांत लाल फुलं, आणि सगळी दारं बंद. पारावर कोणी नाही, ओट्यावर कोणी नाही. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "इथं माणसं ऱ्हातात, का नुसती घरंच?"

मी त्याचं जमेल तसं फ्रेंच केलं. मादाम हसल्या नाहीत. पूर्वी इथे तीन पाव भाजणारे होते, आता एकही नाही, असं त्यांनी सांगितलं. पोरं शहरात गेली. मी ते सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. ते त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मादाम आम्हाला त्यांच्या जुन्या, छोट्या गाडीतून आसपासची गावं दाखवायला न्यायला लागल्या. पाहुण्यांना दाखवायच्या गोष्टी त्यांच्या ठरलेल्या होत्या. डोंगरावरचं तटबंदीचं गाव, लाकडी खांबांवर छप्पर असलेली जुनी बाजारपेठ, एक पडका किल्ला, नदीवरचा कमानींचा पूल. किल्ल्यावर सासूबाईंनी नजरही टाकली नाही. आपल्याकडे काय कमी किल्ले आहेत, असं त्यांचं म्हणणं. पण एका गावात ओढ्याच्या काठी बायकांनी धुणं धुवायची जुनी जागा होती. दगडी हौद, भोवती तिरके दगड, वर कौलारू छप्पर. तिथे त्या थांबल्या, दगडावर हात फिरवला, उकिडव्या बसून अंदाज घेतला. धुणाऱ्या बाईला ऊन लागू नये म्हणून कोणीतरी छप्पर घातलं, ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. मादामनी गुडघ्यावर बसून दाखवलं, आमच्याकडे अशा बसायच्या. मग दोघी बराच वेळ एकमेकींना धुण्याच्या पद्धती करून दाखवत राहिल्या. त्यात माझी काही गरज पडली नाही.

त्याच गावात चर्चसमोर एक उभा दगड होता. त्यावर नावांची रांग कोरलेली. सासूबाईंनी विचारलं, "वर्गणीदार का?"

आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर अशीच नावं असतात, त्यामुळे मला हसू आलं. मी सांगितलं, की नाही, ही लढाईत मेलेली माणसं. ह्या गावची. पहिल्या महायुद्धातली वर, दुसऱ्यातली खाली. त्या जवळ गेल्या. त्यांची शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी अक्षर ओळखीचं नाही. पण एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, इथली अक्षरं खालोखाल सारखीच दिसतात. मी वाचलं. एकच आडनाव लागोपाठ आलं होतं. भाऊ असतील, मी म्हटलं.

त्या दगडाच्या पायरीवर बसल्या. मादाम गाडीपाशी वाट बघत होत्या. मला वाटलं चक्कर आली की काय. मग त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचं नाव कुठंच नाय."

सासूबाईंचा पाठचा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे घरात कोणी बोलायचं नाही. त्या पायरीवर बसून त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या आईला शेतात जावं लागायचं, म्हणून त्याला यांनीच कडेवर वागवलं. यांचं लग्न झालं तेव्हा तो वरातीच्या बैलगाडीमागे पळत आला होता. पुढे फौजेत गेला, दोनदा रजेवर आला. मग तार आली. देह आला नाही. ट्रंक आली, तीत त्याचा कंगवा होता आणि तेलाची बाटली सांडून कपडे तेलकट झाले होते. आई गेली, वडील गेले, जुनं घर पाडून नवीन बांधलं, त्यात फोटोही कुठे गेला कळलं नाही. "आता मी मेले का तो व्हता हेच कुणाला ठाव नसंल," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. मीच डोळे पुसले.

त्यानंतर कुठल्याही गावात गेलो, की त्या आधी दगड कुठे आहे ते विचारायच्या. प्रत्येक गावात तो असायचाच, कितीही लहान गाव असलं तरी. त्या त्याच्यापुढे उभ्या राहायच्या, हात जोडायच्या, मग बाजार असो की चर्च असो, माझ्याबरोबर चालायला लागायच्या. मादामच्या ते ध्यानात आलं. गाडी चालवताना त्यांनी मला कारण विचारलं. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी सांगितलं, भाऊ, युद्ध, दगड नाही. त्यांनी गाडी सरळ घराकडे वळवली. मला वाटलं, आपण चुकीचं काही बोललो.

दुसऱ्या दिवशी एक मोठा राजवाडा बघायला जायचं ठरलं होतं. मादामनी गाडी उलट्या दिशेला घेतली. बऱ्याच वेळाने एका टेकडीमागे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या घरांचं गाव आलं. ते त्यांचं जन्मगाव होतं. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. अक्रोडाची झाडं, बंद पडलेली शाळा आणि शाळेसमोर दगड. खालच्या भागातल्या एका नावावर मादामनी हात ठेवला. त्यांचे वडील. त्या लहान असतानाच गेलेले. दर नोव्हेंबरात एका दिवशी गावाचा प्रमुख एकेक नाव वाचतो, आणि जमलेले लोक प्रत्येक नावानंतर म्हणतात, देशासाठी मेला. लहानपणी त्यांना वाटायचं, आपण मोठ्याने म्हटलं तर वडिलांना ऐकू जाईल. अजूनही त्या दरवर्षी जातात, कारण म्हणायला माणसं उरली नाहीत.

सासूबाईंनी मला विचारायला लावलं, मोठीबाईनंतर कोण येणार? मला ते विचारणं बरं वाटेना, पण विचारलं. मादाम म्हणाल्या, "नंतर दगड आहेच की."

त्या दोघी त्या दिवशी अक्रोड वेचत बसल्या. मी शाळेच्या कट्ट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होते. राजवाडा राहिला तो राहिलाच.

घरी आल्यावर आठच दिवसांत सासूबाई लासलगावजवळच्या त्यांच्या माहेरी गेल्या आणि भावाच्या नावाचा दगड बसवायचं बोलल्या. भाचे तयार होते. ग्रामपंचायतीतले लोकही नाही म्हणाले नाहीत. आडवे आले ते त्यांचे थोरले भाऊ. पंचाहत्तरीचे, कांद्याच्या चाळीशेजारी खाट टाकून बसणारे. जुनं उकरू नका, एवढंच ते म्हणत, आणि कारण विचारलं की उठून जात. सासूबाई चिडून परतल्या. वर्षभर दोघांचं बोलणं बंद. दिवाळीला त्या माहेरी गेल्या नाहीत.

कारण मामींनी, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोने सांगितलं, तेही मला बाजूला घेऊन. धाकट्याला भरतीला देवळालीला थोरल्यानेच नेलं होतं. धाकटा छातीच्या मापात बसेना, तेव्हा यानेच त्याला श्वास भरून धरायला शिकवलं. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी एसटीने निघाल्या. मी सोबत गेले. मामा खाटेवरच होते. त्या त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्याला जायचंच व्हतं. तू नेला नसता तर पळून गेला असता. मला सांगून गेला व्हता तो."

खरंच सांगून गेला होता की नाही, मी कधी विचारलं नाही.  मामांनी एवढंच विचारलं, दगड कुणाकडून घडवायचा.

दगड शाळेच्या फाटकाजवळ बसला. चौकशी केली तेव्हा गावचे आणखी दोघे निघाले, एक त्याच लढाईतला आणि एक इंग्रजांच्या काळातला, ज्याच्या घरचं आता कोणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी हट्टाने त्यांचीही नावं घालायला लावली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर नारळ फुटला. सरपंच बरंच बोलले. मामा एका बाजूला टोपी सरळ करत उभे होते.

माझ्या नवऱ्याच्या वाइनचं पुढे फार काही झालं नाही. मागणी पडली, कारखान्याने माल घेणं कमी केलं, ती बाग काढून त्याने पुन्हा खायची द्राक्षं लावली. फ्रान्सला जाण्याचा खर्च पाण्यात गेला, असं लोक म्हणायचे. तोही म्हणायचा.

झेंडावंदनाच्या दिवशी दुपारी आम्ही मामांकडे जेवलो. पुरणपोळी होती. जेवता जेवता मामा सहज म्हणाले, की धाकट्याला पुरण आवडायचं नाही, तो नुसती कटाची आमटी प्यायचा. सासूबाई म्हणाल्या, असं कसं, मी त्याला पुरण चारलंय. दोघांचा वाद लागला. मग त्याला पोहायला कोणी शिकवलं, कुठल्या विहिरीवर, तो कुणाच्या लग्नात फेटा बांधून मिरवला, असं निघत गेलं. भाचे, सुना सगळे ऐकत होते. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी उठवायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, तू जा, मी ऱ्हाते चार दिस.