एकवाढी मावशी आणि मायेचा घास

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय! कामथडीला एका लग्नात जेवून नुकतीच आलेय. ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते, तरी वाढप्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडली. आणि मला एकदम आमची एकवाढी मावशी आठवली. बोटं अजून चिकट आहेत, तरी टाईप करतेय.

मावशी आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. एकदा वाढायची, "अजून?" विचारायची, पोरगं "नको" म्हणालं की पळी पातेल्यात. संपलं! आमच्या वेल्ह्याकडं हे म्हणजे पापच. पहिलं "नको" लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसऱ्याला वाढपी जरा थांबतो आणि वाढतोच. म्हणून गावानं तिला एकवाढी नाव ठेवलं. ती म्हणायची, "पोट त्येचं हाय. म्या कशाला त्यात डोकावू?"

गेल्या मे महिन्यात शाळेत पाहुणे आले. दूर तिकडं पूर्वेच्या डोंगरात दोन जमातींत पेटलं, यांची घरं जाळली. त्यातला एकजण इथं हायवेच्या हॉटेलात कामाला होता. त्यानं बायको लिली, म्हातारी आई आणि शेजारची तीन कुटुंबं इकडं आणली. सुट्टीमुळं वर्ग रिकामेच होते. गावानं लगेच मदत समिती काढली. आमचं गाव मनानं मोठं, खोटं नाही सांगत. फ्लेक्स त्याहून मोठा. 'विस्थापित बांधवांना मायेचा घास', खाली अकरा फोटो, त्यात विस्थापित एकही नाही.

फोटोग्राफर मीच! "काकी, घास तोंडापाशी धरा, खाऊ नका अजून, उजेड नीट नाही," असं मी भुकेल्या माणसांना सांगितलंय. हो, मीच.

भोंगवलीहून पुरणपोळ्यांचा टेम्पो आला. मग विंझरकर कसे मागं राहतील? त्यांनी बुंदी आणली. मग कुणी शिरा, कुणी बासुंदी. लिली हात जोडून "नको, नको" म्हणायची. तेवढा एक मराठी शब्द तिनं पहिल्याच दिवशी शिकून घेतला होता, बिचारीनं. आणि बायका खूश! "काय वळण हाय बघा पोरीला!" म्हणत दोन पोळ्या जास्त वाढायच्या, वर तुपाची धार. लिलीची सासू भिंतीकडं तोंड करून बसायची. पाचव्या दिवशी म्हातारी नुसत्या पाण्यावर आली. हात असे झाले होते की बांगडी कोपरापर्यंत जावी. समितीनं तातडीची बैठक घेतली आणि ठरवलं, उद्यापासून गोड वाढवायचं.

मावशी खरकटं काढायला यायची. तिनं म्हातारीचं ताट बघितलं, जसंच्या तसं. ती तिथंच फतकल मारून बसली आणि लिलीच्या नवऱ्याला म्हणाली, "काय पायजे रं तुझ्या आयला?"

पाच दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं! समितीनं नाही, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, मीही नाही. तो दबकत हिंदीत म्हणाला, तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या. आणि चूल. आईला स्वतःच्या हातानं शिजवायचंय.

मावशीचं माहेर वरच्या धनगरवाड्यातलं. "आमी मेंढरामागं हिंडायचो," ती म्हणाली, "परक्या रानात तीन दगडं मांडली की घर व्हतं. तुमी समदं दिलं, तेवढं न्हाई दिलं." आणि तिनं घरनं तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी आणली, खिचडीच्या खोलीतलं पातेलं काढलं आणि शाळेमागं तीन दगड मांडून म्हातारीला चुलीपाशी बसवलं.

मासळीचा वास फ्लेक्सपर्यंत पोचला. समितीचे अध्यक्ष बापू धावत आले. "पाव्हण्यांनी चूल फुकायची? गावाची काय इज्जत ऱ्हायली? आन् शाळेचं पातेलं कुणाला इचारून काढलंस? जूनपासून खिचडीला दुसरी बाई बघतो!"

"बघा की," मावशी म्हणाली. "पर बापू, आदी म्हातारीकडं तरी बघा."

म्हातारी पुन्हा भात वाढून घेत होती. स्वतःच्या हातानं.

तो फोटो मी काढला नाही. त्या महिन्यात माझ्या हातून झालेलं एवढंच चांगलं काम.

बापू शब्दाचे पक्के, जूनला दुसरी बाई आली. त्याआधी पाहुण्यांना हायवेलगत खोल्या मिळाल्या. निघायच्या दिवशी लिलीनं मावशीला त्याच चुलीपाशी जेवायला बसवलं. मावशीनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. लिलीनं पळी उचलली, "अजून?"

"नको गं," मावशी लाजून म्हणाली.

लिलीनं पळी पातेल्यात ठेवून दिली. संपलं!

मावशी त्या पळीकडं बघतच राहिली. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "आगं वाढ की! लाजून म्हनले म्या!" आणि अख्ख्या जन्मात पहिल्यांदा तिनं ताट पुढं केलं.

आता ती वर भावाकडं असते, शेरडं राखते. उतरवलेला फ्लेक्स तिनंच मागून नेला. तो शेरडांच्या खोपीवर टाकलाय, अकराही चेहरे खाली करून. मागच्या आठवड्यात गेले होते, धो धो पाऊस, आणि शेरडं खाली कोरडी ठणठणीत. मदत शेवटी पोचली म्हणायची! मला चहा दिला, "अजून?" म्हणाली. मी विचार करून "हो" म्हणाले.

तुमच्याकडं झालंय का हो असं? तुम्ही मनापासून "नको" म्हणालात आणि समोरच्यानं खरंच ऐकलं, असं एकदा तरी? सांगा ना!