नानासाहेबांची जालना पॅसेंजर

आमच्या मेहकरला रेल्वे नाही. तरी माझ्याकडे रेल्वेचे इतके किस्से कुठून येतात, असं पाहुणे विचारतात. याला मी काय करणार? माझा फोटो स्टुडिओ नानासाहेबांच्या घरासमोर होता. रविवारी दुपारी शटर खाली ओढायचं आणि त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचं, एवढंच मी केलं. बाकी सगळं तिथे आपोआप होत गेलं.

नानासाहेब मराठी सिनेमातले खलनायक. गंजीला आग लावणं, नायिकेच्या बापाला विहिरीत ढकलणं ही त्यांची कामं. घरी मात्र लांबलचक टेबलावर विजेवर चालणारी खेळण्यातली रेल्वे! मार्ग खामगाव ते जालना. ही लाइन आमच्या आजोबांच्या काळापासून 'होणार' होती. सरकार टाकेना, म्हणून नानासाहेबांनी टाकली. खरा सर्व्हे चिखलीवरून जातो, यांची गाडी मेहकरवरून जायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "टेबल माह्यं हाये!"

त्यांची एकच इच्छा होती. गाडी एकदा तरी जालन्याला पोचावी. कारण आजवर ती पोचलीच नव्हती. कधी व्होल्टेज पडायचं, कधी डबा घसरायचा.

*

ही गाडी त्यांनी मुंबईत घेतली, तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने त्यांना ओळखलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"नातवासाठी का साहेब?"

"नाही. माझ्यासाठी."

नानासाहेब सिनेमात बोलतात तसंच बोलले, दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हताच. दुकानदाराने घाईघाईने खोकं बांधलं आणि न मागता दोन डबे जास्तीचे घातले!

*

आमच्या रविवारच्या मंडळींतले दुसरे प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे सदाशिव पैलवान. कुस्तीची गदा जिंकलेला माणूस. घसरलेला डबा रुळावर ठेवायचं काम त्यांचं. दोन बोटांत डबा धरून, श्वास रोखून ते ओणवे व्हायचे.

एकदा गाडी साखरखेर्ड्याच्याही पुढे गेली. जालना अगदी हातभर राहिलं. तेवढ्यात पैलवानांना शिंक आली!

इंजिनासकट सगळी गाडी आडवी. नानासाहेबांनी डोक्याला हात लावला. पैलवान रडवेले होऊन म्हणाले, "नानासायेब, आखाड्यात कवाच नाही शिंकलो हो!"

*

कुसुमताई रेडिओवर गायच्या. आमच्या गाडीची घोषणा त्याच करत, "खामगावहून जालन्याकडे जाणारी पॅसेंजर..." आणि गळा इतका गोड की गाडी नाही सुटली तरी चालेल असं वाटायचं.

एकदा रेकॉर्डिंगला नागपूरला जायला त्या अकोल्याच्या स्टेशनवर बसल्या. गाडी येता येईना. शेवटी उठून स्टेशनमास्तरकडे गेल्या. "आमची गाडी पाहा येऊन मेहकरले. अशी टाइमावर सुटते!"

मास्तर चाट पडला. "मेहकरले? कुठं जाते ते?"

"सुटते म्हटलं मी," ताई म्हणाल्या. "पोचते कुठं म्हटलं?"

*

गाडीची कीर्ती पसरली तशी गावं स्टेशनं मागायला लागली. देऊळघाटचे एक काका आले. "आमचं स्टेशन काऊन नाही?"

देऊळघाट पार बुलढाण्याकडे. नानासाहेबांनी नम्रपणे सांगितलं, "काका, टेबल संपते इथं."

पुढच्या रविवारी काका डोक्यावर स्टूल घेऊन हजर! "घ्या. वाढवा आता."

*

मग आमच्याकडे टीव्ही आला आणि टीव्हीमागून टीव्हीवाले आले. प्रसिद्ध लोकांच्या छंदांवर त्यांचा कार्यक्रम होता. गाडी जालन्याला पोचताना अख्खा महाराष्ट्र बघणार, म्हणून नानासाहेब आठवडाभर रूळ पुसत होते.

आमच्याकडे एक शिरस्ता होता. प्रत्येक स्टेशनची हिरवी झेंडी त्या गावच्या माणसाकडे. त्याने ती दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही. खामगाव माझ्याकडे, कारण ती माझी सासुरवाडी. मेहकर पैलवानांचं, साखरखेर्डा कुसुमताईंचं माहेर. जानेफळ गुलाबरावांकडे. गुलाबराव शेतकरी, प्रसिद्ध वगैरे काही नाहीत. पण रविवार कधी चुकवला नाही.

सकाळी टीव्हीवाल्यांनी इंजिन हाताने एकेका स्टेशनाशी ठेवून तुकडे तुकडे शूटिंग केलं. आता पूर्ण प्रवास एका दमात घ्यायचा होता. प्रोड्यूसर खोलीभर बघून म्हणाला, "गर्दी नको. फक्त फेमस माणसं आत थांबा." मला दिवा धरायला ठेवलं. गुलाबराव उठले आणि मुकाट्याने बाहेर गेले. आमचं कुणाचं लक्षच नव्हतं.

मी झेंडी दाखवली. त्या दिवशी व्होल्टेज झकास! गाडी डौलात खामगावहून निघाली आणि जानेफळला येऊन थांबली.

थांबली ती थांबलीच.

"काय झालं?" प्रोड्यूसर ओरडला.

"झेंडी नाही," नानासाहेब म्हणाले.

"अहो सोडा ना, खेळणं आहे ते!"

आग लावण्याआधी ते सिनेमात जसे बघायचे, तसे नानासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. तो दोन पावलं मागे सरकला. मी बाहेर धावलो. गुलाबराव झेंडी घेऊन जानेफळच्या एसटीत बसून गेले होते.

नानासाहेबांचा हात बटणावर होता. नुसतं दाबायचं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी हात काढून घेतला.

"राहू द्या," प्रोड्यूसर सामान आवरत म्हणाला. "आम्ही एडिटिंगमध्ये बघून घेऊ."

*

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धं मेहकर नानासाहेबांच्या ओसरीवर. गुलाबरावांना निरोप धाडून बोलावलं होतं, शेजारी खुर्ची दिली होती. पडद्यावर गाडी खामगावहून सुटली. जानेफळ गेलं, मेहकर गेलं, साखरखेर्डा गेलं आणि गाडी थेट जालन्यात शिरली!

टाळ्यांचा कडकडाट. पैलवानांनी डोळे पुसले. कुणीतरी पेढे वाटायला सुरुवातही केली. नानासाहेब नुसते बघत होते.

गुलाबरावांनी हातात पेढा तसाच धरला होता.

"नानासायेब, झेंडी तं त्या दिवशी माह्यासंग एसटीत होती. मंग जानेफळवरून गाडी सुटली कशी?"

पडद्यावर आता नानासाहेबांचीच मुलाखत लागली होती. ते उठले, आपल्याच चेहऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"चला, घरी जा सगळे," ते म्हणाले. "दुसऱ्याचीच गाडी होती ते."